साडेतीन पुरुष

माझी आत्या एकोणीस वर्षं आमच्या बेटाला समुद्राची खबर सांगत होती. बंदर कार्यालयाच्या वरच्या मजल्यावर, फायलींच्या कपाटामागे तिचं टेबल होतं. टेबलावर दोन टेलिफोन, एक आवाज भरून ठेवायचं यंत्र आणि शाईनं डागाळलेला एक टीपकागद. सकाळी सहाला ती चारही किनाऱ्यांची चौकशी करायची, चिठ्ठीवर आकडे लिहायची आणि साडेसहाला दोन मिनिटांचं निवेदन भरायची. मग दिवसभर कुणीही तीन आकडी नंबर फिरवावा आणि आत्याच्या आवाजात ऐकावं, की कुठे लाटा किती, वारा कुठून, पाण्यात उतरावं की गुपचूप घरी बसावं.

हिवाळ्यात या नंबराशिवाय कुणाचं पान हलायचं नाही. दूर उत्तरेकडे कुठेतरी वादळं व्हायची आणि त्यांच्या लाटा दोन-तीन दिवसांनी आमच्या उत्तर किनाऱ्यावर येऊन आदळायच्या. त्याच सकाळी दक्षिणेला पाणी इतकं शांत, की त्यात आपला चेहरा बघून भांग पाडावा. पूर्वेला नुसता वारा आणि फेस. पश्चिमेचं काही सांगता यायचं नाही, उत्तरेची लाट कोपऱ्यावरून किती वळते त्यावर तिथला दिवस ठरायचा. कोळी ऐकायचे, फेरीबोटवाले ऐकायचे, धुणं वाळत घालायच्या आधी बायका ऐकायच्या. आणि सगळ्यात मन लावून ऐकायचे ते फळीवाले, म्हणजे फळीवर उभं राहून लाटांवरून घसरणारी मंडळी. त्यांच्यात आमचा न्हावीही होता. उत्तरेला मोठी लाट आली की गिऱ्हाइकाची अर्धी दाढी तशीच ठेवून तो पळायचा.

आत्या तेव्हा एक्कावन्न वर्षांची होती. लग्न केलं नव्हतं, आमच्याच घरात मागच्या खोलीत राहायची. उंच, हाडापेरानं मजबूत, कामात चोख. दोष एकच. हसू आलं की ते तिच्या ताब्यात राहायचं नाही. आधी ओठ घट्ट मिटायचे, मग खांदे हलायला लागायचे, आणि त्यानंतर जे काही व्हायचं त्याला इलाज नव्हता.

दक्षिणेचा समुद्र तिला खिडकीतूनच दिसायचा. पूर्वेची खबर फेरीचा तिकीटवाला द्यायचा, पश्चिमेची बर्फाच्या कारखान्यातली हिशेबनीस. उत्तरेची खबर मात्र दीपगृहाचा राखणदार द्यायचा. आवाज भारदस्त, बोलणं सावकाश, एकेक शब्द तोलून. एकोणीस वर्षं रोज सकाळी दोघं बोलत होते आणि एकमेकांना त्यांनी कधी पाहिलं नव्हतं. हा राखणदार लाटा मीटरमध्ये सांगायचा नाही. जुन्या लोकांसारखा पुरुषांत सांगायचा. विहिरीची खोली सांगताना आपण दोन पुरुष पाणी आहे म्हणतो ना, तसं. आत्या चिठ्ठीवर त्याला सहा फुटांनी गुणायची, मीटर करायची आणि निवेदनात मीटरच सांगायची.

घरी अर्थातच हे माहीत होतं. आत्या कामावरून आली की आई चुलीशी उभ्या उभ्याच विचारायची, "काय वन्सं, आज किती पुरुष?"

"अडीच," आत्या चपला काढत म्हणायची.

"अर्धा ठेवून घ्या एखादा," आई म्हणायची, आणि बाबा वर्तमानपत्र आणखी उंच धरायचे.

त्या हिवाळ्यातला एक मंगळवार. आदल्या दिवसापासून उत्तरेला समुद्र खवळला होता. सहाच्या ठोक्याला आत्यानं फोन लावला.

"बाई, ऐकताय ना?" राखणदार म्हणाला.

"ऐकतेय. बोला."

"आज साडेतीन पुरुष."

"साडेतीन?"

"साडेतीन. पाठोपाठ येतायत. एक गेला की लगेच दुसरा. मधे दम खायला सवड नाही."

आत्यानं ओठ मिटले. "आणि दुपारनंतर?"

"दुपारनंतर याहून तगडे येतील असं दिसतंय. बायकांना जरा सांगा, खडकांवर येऊन उभ्या राहू नका म्हणावं."

राखणदार अगदी गंभीरपणे, काळजीनं बोलत होता. आत्यानं आभार मानून फोन ठेवला, दोन घोट पाणी प्यायली आणि सावरली. पण त्या दिवशी पश्चिमेचा फोन लागेना. तो लावण्यात वीस मिनिटं गेली, आणि उत्तरेचे मीटर करायचे राहून गेले. चिठ्ठीवर जसं ऐकलं तसंच लिहिलेलं होतं. साडेसहाला तिनं कळ दाबली आणि आपल्या सरकारी आवाजात वाचायला लागली.

"पूर्व किनारा. वारा जोरदार, लाटा एक मीटर. पश्चिम किनारा. लाटा दोन मीटर, अंघोळीस अयोग्य. उत्तर किनारा. साडेतीन पुरुष. एकामागोमाग एक. दुपारनंतर आणखी तगडे पुरुष येण्याची..."

इथे ती थांबली. मग एक बारीक आवाज आला, किटलीचं झाकण हलावं तसा. मग दुसरा. आणि मग आत्या हसायला लागली ती चांगली पाऊण मिनिट. मधेच तिनं जोर करून म्हटलं, "महिलांनी," आणि पुन्हा फुटली. खुर्ची सरकल्याचा आवाज आला, नाक शिंकरल्याचा आला, आणि मग रडवेल्या, दमलेल्या आवाजात तिनं निवेदन पुरं केलं.

"महिलांनी लांब राहावं. दक्षिण किनारा. इथे कोणीच नाही."

आता तिनं काय करायचं होतं, तर हे पुसून नवं भरायचं होतं. तिनं ते केलंही. शहाण्यासारखं मीटर करून, एकदाही न हसता, दुसरं निवेदन भरलं. पण यंत्राच्या कळांवरची अक्षरं बोटांनी केव्हाच पुसली गेली होती. नको ते ठेवून तिनं हवं ते पुसलं, आणि निवांत चहाला गेली.

सगळ्यात आधी ते फेरीबोटीच्या कप्तानानं ऐकलं. त्यानं सुकाणूवाल्याला ऐकवलं. सुकाणूवाल्यानं बायकोला फोन करून सांगितलं, की तीन आकडी नंबर लाव, काही विचारू नकोस. साडेसातपर्यंत नंबर लागेनासा झाला. मी तेव्हा दवाखान्यात केसपेपर लिहायचं काम करत होते. डॉक्टरांनी फोन मोठ्या आवाजावर ठेवला आणि बाहेर बाकावर बसलेल्या सगळ्या रोग्यांनी माझ्या आत्याला हसताना ऐकलं. पोटाला टाके घातलेला एक माणूस हात जोडून म्हणत होता, बंद करा, उसवतील. पण फोन ठेवल्यावर तोच म्हणाला, परत एकदा लावा.

बंदर कार्यालयात दोनच महिन्यांपूर्वी नवे साहेब आले होते. इस्त्रीचा शर्ट, भरघोस मिशी, प्रत्येक गोष्टीला लेखी उत्तर मागणारे. नऊला ते आले आणि दार लावून त्यांनी ते निवेदन ऐकलं. चौकशीसाठी. कपाटामागे बसलेल्या आत्याला पलीकडून नंबर फिरवल्याचा आवाज येत होता. साहेबांनी चौकशीसाठी ते अकरा वेळा ऐकलं. मग तिला आत बोलावलं.

"बाई, हे काय आहे?"

"चूक आहे, साहेब."

"पुरुष हे काय माप आहे?"

"जुनं माप आहे, साहेब. राखणदार त्यातच सांगतात."

साहेबांचा चेहरा दगडासारखा होता, मिशीचं डावं टोक तेवढं थरथरत होतं. ते खिडकीकडे वळले आणि बराच वेळ दक्षिणेच्या शांत समुद्राकडे बघत राहिले.

"पुरुष आजपासून बंद," ते पाठ न वळवता म्हणाले. "सगळ्यांनी मीटरच सांगायचे. राखणदारांना तुम्ही स्वतः जाऊन शिकवायचं. मापाची काठी घेऊन जा."

"पण साहेब, उद्या सकाळचं निवेदन?"

"मी वाचतो."

आत्या घरी येऊन सरळ अंथरुणात शिरली आणि चादर तोंडावर घेतली. चादर हलत होती. बाबांना वाटलं ती रडतेय. त्यांनी दारात उभं राहून दोनदा खाकरून समजूत घातली. मग चादरीतून कोणीच नाही, कोणीच नाही असं ऐकू आलं, आणि बाबांनाही दाराच्या चौकटीचा आधार घ्यावा लागला.

बुधवारी साहेबांचं निवेदन झालं. शुद्ध, अचूक, भाजणीच्या तव्यासारखं कोरडं. लोक म्हणे पहिल्या वाक्याला फोन ठेवत होते. गुरुवारी आत्या उत्तरेला निघाली. मी रजा काढून तिच्याबरोबर गेले, कारण आईचा हुकूम होता की एकीनं तरी डोळ्यांनी बघून यायला हवं.

"वन्सं, केस नीट बांधा," आई निघताना म्हणाली.

"कशाला? मापं शिकवायला चाललेय मी."

"तेच म्हणतेय मी."

मापाची काठी दोन मीटरची होती, लाल-पांढऱ्या पट्ट्यांची. बसमध्ये ती कुठेच मावेना. शेवटी खिडकीतून बाहेर काढून आत्या तिला मिठी मारून बसली. बस डोंगर चढायला लागली. खाली ऊन होतं, वर धुकं लागलं, काचा ओल्या झाल्या, मग खिंड ओलांडली आणि उतार सुरू झाला. समुद्र दिसायच्या आधी ऐकू आला. मला वाटलं बसचं काहीतरी बिघडलं.

तुम्हाला नवल वाटेल, पण आत्यानं उत्तरेचा हिवाळी समुद्र कधी पाहिला नव्हता. हिवाळ्यात तिला एक दिवस सुट्टी नसायची, आणि उन्हाळ्यात सुट्टी मिळायची तेव्हा उत्तर किनारा गाढ झोपलेला असायचा. शेवटच्या वळणावर आम्ही उतरलो. समोर पाण्याची एक भिंत उभी राहत होती. ती उभी राहिली, हिरवी झाली, वरचा काठ वाऱ्यानं मागे उडाला, आणि मग ती सगळीच्या सगळी खाली आली. पायाखालचा रस्ता हलला. तिच्या मागे दुसरी उभी होतीच.

आत्या काठी धरून उभी राहिली. पाच लाटा गेल्या, सहा गेल्या. मग ती म्हणाली, "अगं, मी हे दोन मिनिटांत सांगत होते?"

तिचे डोळे चमकत होते. बाकीचा रस्ता ती जवळजवळ धावतच गेली, काठी खांद्यावर आणि पदर वाऱ्यावर. दीपगृहाचं दार तिनं ठोठावलं. दार उघडलं. आत्यानं समोर पाहिलं तर रिकामा जिना. त्या आवाजाचा माणूस जेवढा उंच असायला हवा, तेवढ्या उंचीवर ती बघत होती. तिनं नजर खाली आणली.

"बाई?" राखणदार म्हणाला. तोच आवाज, पण तिच्या खांद्याच्या खालून आला.

त्यानं बटणांचा कोट घातला होता. हनुवटीला दाढी करताना लागलेलं दिसत होतं.

"मी तुम्हाला उंच समजत होते," आत्या म्हणाली. तिला खोटं बोलता यायचं नाही.

"मीही तुम्हाला बुटक्या समजत होतो," तो म्हणाला. "या, चहा ठेवलाय."

चहा झाल्यावर ते वरच्या सज्ज्यात गेले. समोर पाण्यात एक काळा खडक होता आणि त्यावर पांढऱ्या रेघा. लाट कितव्या रेघेपर्यंत चढते ते बघून राखणदार पुरुष मोजायचा. आत्यानं वही काढली.

"रेघा कशा आखल्यात?"

"उन्हाळ्यात ओहोटी पार खाली गेली होती, तेव्हा. खडकाला पाठ लावून उभा राहिलो, डोक्यावर रेघ मारली. मग तेवढीच दोरी कापली आणि शिडी लावून वरच्या रेघा मारल्या."

"म्हणजे कुणाच्या मापानं?"

"माझ्याच. इथे दुसरा पुरुष होताच कुठे."

आत्यानं वहीवरून मान वर केली. मग सरकारी काठी उचलून त्याच्या शेजारी उभी केली आणि वाकून वाचलं. एक मीटर पंचावन्न. पाच फूट एक इंच. तिनं तिथेच उभ्या उभ्या गुणाकार केला. ती सहा फुटांनी गुणत आली होती. मंगळवारची लाट तिच्या हिशेबानं सहा मीटर चाळीस होती. खरी होती पाच मीटर चाळीस.

मी तिच्या खांद्यांकडे बघत होते. ते हलायला लागले.

"काय झालं?" राखणदार म्हणाला.

ती सांगू शकेना. मीच सांगितलं, की तुमचा पुरुष पाच फुटांचा आणि आत्याचा सहा फुटांचा, आणि एकोणीस हिवाळे सगळं बेट मोठ्या लाटेला मीटरभर जास्त घाबरत आलंय. राखणदारानं काठी हातात घेतली आणि तिच्यावरचे आकडे बघितले. माझ्या मनात आलं, आता याला राग येणार.

"तरीच," तो सावकाश म्हणाला. "मला वाटायचं, बाई माझं म्हणणं जरा फुगवून सांगतात. पण कानाला बरं वाटायचं, म्हणून बोललो नाही."

आत्याचं हसू एकदम थांबलं. "तुम्ही ऐकायचात?"

"रोज."

"तुम्हीच सांगितलेलं तुम्ही परत ऐकायचात?"

"दोनदा," राखणदार म्हणाला, आणि कान लाल करून समुद्राकडे बघायला लागला. "मंगळवारी मात्र लागतच नव्हता. नवव्या खेपेला लागला. पायरीवर बसून ऐकलं. उठता येईना."

आणि मग तो हसला. एवढ्याशा माणसातून एवढं हसू येईल असं कुणालाही वाटलं नसतं. सज्ज्याचा कठडा घुमला. आत्या त्याला सामील झाली, मी झाले, आणि आम्ही तिघंही समुद्राकडे पाठ करून हसत असताना त्या दिवसाची सगळ्यात मोठी लाट खडकावर फुटली. तिचं पाणी थेट सज्ज्यावर आलं. राखणदारानं एका हातात काठी धरली होती. ती सोडून त्यानं आत्याचा दंड धरला. आम्ही नखशिखान्त भिजलो, आणि सरकारी काठी लाल-पांढरी, लाल-पांढरी होत गोल गोल फिरत पश्चिमेकडे निघून गेली.

काठी गेल्याचं आत्यानं दुसऱ्या दिवशी साहेबांना लेखी कळवलं. सोबत मीटरभराचीही हकिकत. साहेबांनी ते वाचलं, मिशीवर हात ठेवला आणि म्हणाले, "खरं ते सांगून टाका. तुमच्या आवाजात सांगा. माझं कोणी ऐकत नाही."

शनिवारी सकाळी सगळ्या बेटानं ऐकलं, की आजवरच्या उत्तरेच्या लाटा सांगितल्या त्याहून लहान होत्या, चूक बंदर कार्यालयाची, क्षमस्व. कोळी खूश झाले. बायकांना काही फरक पडला नाही. फळीवाले मात्र सोमवारी मोर्चा घेऊन आले, सतरा जण, पुढे न्हावी. त्याच्या दुकानात आरशाच्या वर मोठ्या अक्षरांत लिहिलेलं होतं, की या हातांनी एकवीस फुटी लाट पेलली आहे. आता गिऱ्हाइकं खुर्चीत बसून वर बघत होती आणि बोटांवर वजाबाकी करत होती.

"बाई, आमचे तीन फूट परत द्या," न्हावी म्हणाला.

"माझ्याकडे नाहीत हो," आत्या म्हणाली. "दीपगृहावर माणूसच तेवढा आहे."

तंटा साहेबांपर्यंत गेला. त्यांनी अर्धा तास विचार करून शिक्क्यासह लेखी निकाल दिला, की यापुढच्या लाटा खऱ्या मीटरमध्येच मोजल्या जातील, पण मागे ज्यानं जी लाट घेतली ती त्याच्याकडे आहे तेवढीच राहील. न्हाव्यानं तो कागद आरशाशेजारी चौकटीत लावला.

त्यानंतर सकाळचा फोन लांबायला लागला. साडेसहाचं निवेदन सहा बत्तीसला, मग सहा छत्तीसला. फेरीबोट चार मिनिटं उशिरा सुटायला लागली, पण कप्तानानं तक्रार केली नाही. आई रोज चुलीशी उभी राहून विचारायची, "वन्सं, आज किती पुरुष?" आणि आत्या म्हणायची, "एकच." तेव्हा ती हसायची नाही. लाजायची, जे आम्ही पूर्वी कधी बघितलं नव्हतं.

तीन आठवड्यांनी, एका रविवारी, राखणदार आमच्या दारात उभा राहिला. दिव्याजवळ बदलीचा माणूस ठेवून आला होता. तोच बटणांचा कोट, हातात संत्र्यांची पिशवी. बाबांनी त्याला खिडकीजवळ बसवलं. बाहेर दक्षिणेचा समुद्र पसरलेला होता, त्यावर सुरकुती नाही.

"हा दिवसभर काय करतो?" त्यानं बाबांना विचारलं.

"काही नाही. असाच असतो."

राखणदारानं त्याच्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं. मग आत्या चहा घेऊन आली तसा तो उठून उभा राहिला.

"बाई, मी फोनवर तुम्हाला सगळं सांगतो," तो म्हणाला. "मग फोन ठेवतो. मग बाकीचा दिवस उरतो, आणि तो सांगायला कोणी नसतं. तुम्ही तिकडे याल का? निवेदन तिथूनही वाचता येईल, मी साहेबांना विचारलंय."

आत्यानं कपबशी खाली ठेवली. ओठ मिटले. खांदे हलायला लागले. मग तिला खुर्ची धरून बसावं लागलं, आणि ती हसत सुटली, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. राखणदार थांबला. त्यानं बराच वेळ वाट पाहिली. शेवटी बाबांकडे वळून हळूच म्हणाला, "हे हो आहे की नाही?"

"हो आहे," आई स्वयंपाकघरातून म्हणाली.

लग्न नोंदणी कार्यालयात झालं, फेब्रुवारीच्या शेवटी. साहेब साक्षीदार होते आणि न्हाव्यानं राखणदाराची दाढी कुठेही न लागता करून दिली होती. सगळं शांतपणे चाललं होतं. मग नोंदणी अधिकाऱ्यानं चष्मा सावरला आणि कागदावर बोट ठेवून म्हटलं, "पुरुषानं इथे सही करायची." पहिल्यांदा साहेब फुटले. मिशीसकट. त्या कागदावर आत्याची सही आजही बघा, शेवटचं अक्षर पार खालच्या ओळीत उतरलंय.

आता ती उत्तरेला राहते. तीन आकडी नंबर तोच आहे, फक्त निवेदनात मागून कधी कधी लाटेचा आवाज येतो, कधी कपबशीचा. मी मागच्या जानेवारीत चार दिवस राहायला गेले. तिसऱ्या दिवशी सकाळी जाग आली ती शांततेनं. ऐन हिवाळ्यात उत्तर किनारा सपाट पडला होता. दहा-बारा वर्षांतून एखाद्या दिवशी असं होतं म्हणे. मी घरभर शोधलं, दोघांचा पत्ता नाही. टेबलावर अर्धवट खाल्लेली अंडी, खुर्चीवर पडलेला बटणांचा कोट.

खाली पाहिलं तर दोघं खडकाखालच्या उथळ पाण्यात. राखणदाराचा पाय शेवाळावरून सटकला होता आणि तो कमरेएवढ्या पाण्यात फतकल मारून बसला होता. आत्या त्याला ओढून काढत होती. तो म्हणत होता, राहू दे गं, चाळीस हिवाळे वरूनच बघितलंय. तिनं आणखी एकदा ओढून पाहिलं, मग साडी गोळा केली आणि त्याच्या शेजारी तशीच बसली. मला हाक मारून म्हणाली, चहा इथेच आण.

मी तीन कप घेऊन पायऱ्या उतरले.